पेंटरची पोरगी

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या दाजींशी कुणी फार बोलत नाही. कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून त्यांना मूर्तींचे डोळे आखायला बोलावणं येतं. बुबुळाची रेघ एकदा चुकली की मूर्तीचा चेहराच बदलतो, म्हणून त्या कामात त्यांचा श्वाससुद्धा हळू चालतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा हंगाम ऐन भरात होता. तरी रात्री दहाला त्यांनी टर्पेंटाईननं हात पुसले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बाकड्यावर माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक होतं अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या एका खाजगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक, दुसरी माझ्या भाचीची चित्रवही.

भाची बारावी सायन्सला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड आहे. मी गोरेगावच्या एका स्टुडिओत कॉन्सेप्ट आर्टिस्ट आहे आणि सातवीत असल्यापासून ती मला सांगत आली आहे की तिला हेच करायचंय. दाजी बोर्ड रंगवणारे. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत बसला. चित्रांवर पोट भरायचं म्हटल्यावर हा माणूस ठाम नको म्हणेल आणि मला तिच्या बाजूनं आणि तिच्या विरुद्ध असं दोन्हीकडून बोलावं लागेल, अशी तयारी करून मी आलो होतो. त्या रात्रीचं बोलणं आठवेल तसं लिहितो आहे.

दाजी : पाव्हणं, मी तिला जा म्हटलंय. कुठं घालायची तेवढं तुमी सांगा.

मी : दाजी, मी तर तिला नको म्हणेन.

दाजी : तुमी? ह्याच कामावर मुंबईत घर केलंय की तुमी.

मी : म्हणूनच सांगतोय. मी २००७ साली आत शिरलो. त्याच्या दोन वर्षं आधी सामंतांचा 'हनुमान' हा कार्टूनपट चालला होता, पुढच्याच वर्षी 'छोटा भीम' सुरू झाला. बाहेरच्या देशांची कामं यायला लागली होती. माणसं हवी होती. पहिली दोन वर्षं मी काय काढलं असेल? दारं. कडी-कोयंडे, कंदील, पाट, चुली. मोठा आर्टिस्ट खोलीचं चित्र करायचा आणि आम्ही त्या खोलीतल्या वस्तू. एका समईचे वीस नमुने काढायचे, त्यातले एकोणीस फेकून द्यायचे. मी शिकलो ते त्या एकोणिसांत. आज ते वीस नमुने चहा गार व्हायच्या आत एआयचं मशीन काढून देतं. मग पगार देऊन नव्या पोराला दारं काढायला कोण बसवणार?

दाजी : म्हंजे शिडीची खालची पायरी मोडली.

मी : मोडली. आम्ही वर उभे आहोत, पण खालून कुणाला चढता येत नाही.

दाजी : बाकीची कामं असतील की. एवढी मोठी कंपनी.

मी : आहेत. रोटो आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. नटाच्या मागं निळं कापड लावलेलं नसेल आणि तिथं डोंगर लावायचा असेल, तर आधी त्या नटाची कड एकेका फ्रेममध्ये आखून घ्यावी लागते. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे एकशे वीस वेळा तोच माणूस, त्याच्या उडणाऱ्या केसांसकट. आपल्याकडे नव्या मुलांना मिळतं ते बहुतेक असलंच काम. गोष्ट कुणी लिहिली, ते जग कसं दिसेल हे कुणी ठरवलं, हे सगळं समुद्रापलीकडे होऊन गेलेलं असतं. आपल्याकडे येते ती अंमलबजावणी. तिला जे करायचंय ते पार सुरुवातीला होतं, आणि त्या सुरुवातीच्या खोलीत खुर्च्या थोड्या असतात.

दाजी : थोड्या असू द्या. तुमाला एक मिळाली.

मी : मिळाली, पण ती खुर्ची पक्की नसते. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आठवतो? तो करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीनं २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. मुंबई-हैदराबादेत त्यांचे स्टुडिओ होते. आणि याच वर्षी फेब्रुवारीत टेक्निकलर या व्हीएफएक्स कंपनीचा डोलारा कोसळला, त्यात बंगळुरूची हजारो माणसं घरी बसली. माझ्या ओळखीची पोरं आहेत त्यात. हात चांगला होता त्यांचा. हात चांगला असून ती घरी बसलीत, दाजी.

इथं दाजी थोडा वेळ बोलले नाहीत. भिंतीवर त्यांचा जुना ब्रशचा डबा खिळ्याला टांगलेला आहे. त्यातला एक चपटा ब्रश काढून ते अंगठ्यानं त्याचे केस पसरवत बसले. पुढचं सगळं ते त्या ब्रशाकडे बघूनच बोलले.

दाजी : मला तुमी हे सांगताय? टाकीजला सिनेमा लागला की दहा फुटी बोर्ड मी रंगवायचो. फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन बोर्डावर, खडूची दोरी मारून. मग एकेका चौकोनात नाक, डोळं भरत जायचं. जवळनं बगितलं तर नुसतं फराटे दिसायचे. रस्त्यापलीकडनं हिरो दिसायचा. हाताखाली चार पोरं होती. एक ब्रश धुवायचं, एक चौकोन मारायचं, एक आकाश भरायचं. मग फ्लेक्स आला. वर्षभरात चारी पोरं गेली. एक दूध घालतंय, एक रिक्षा चालवतंय. तुमच्या त्या मोडलेल्या पायरीवर मी वीस वरसं बसून हाय.

मी : मग तरी तुम्ही तिला जा म्हणताय?

दाजी : तिसऱ्या पोराचं ऐका की. आकाश भरणारं. त्येनं कॉम्प्युटर घेतला, कोरल शिकला. आज त्याच्या फ्लेक्सच्या तीन मशिनी हायत. गावात शंभर फ्लेक्सवालं असतील, पण त्याचा बोर्ड लांबनं वळखू येतो. का? त्याला अक्षर म्हाईत हाय. दोन अक्षरांत किती जागा सोडायची, लाल कशावर उठतो, हे त्येनं माज्याकडं शिकलं. फ्लेक्सनं माझं अक्षर न्हाई नेलं, पाव्हणं. गिऱ्हाईक नेलं. मी मशिनीला हात लावला न्हाई. त्यावेळी मला त्याचा राग हुता. ती माझी चूक. हाताची न्हाई.

मी : तुमचं पटतं, पण एक फरक आहे. फ्लेक्सचं मशीन छापायचं, काढत नव्हतं. हे मशीन काढतं. आणि काढतं ते आमच्याच चित्रांवरून. कार्ला ऑर्टिझ म्हणून एक कॉन्सेप्ट आर्टिस्ट आहे, मार्व्हलच्या सिनेमांसाठी काम केलेली. तिनं आणि आणखी काही चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत असली मशीन बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. आम्हाला न विचारता आमची चित्रं यंत्राला शिकवायला वापरली, हे त्यांचं म्हणणं. माझाही जीव तिथंच अडकलाय. वीस वर्षं कुणी नजर कमवायची आणि ती एका रात्रीत कुणाच्या तरी गोदामात जमा व्हायची, यात अन्याय आहे. त्या रांगेत मी आपल्या पोरीला उभं करू?

दाजी : अन्याय हाय. व्हय म्हणतो. पण मग तुमाला अजून पगार कशाचा देत्यात?

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर द्यायला मला वेळ लागला, आणि ते एका कामाच्या गोष्टीतूनच देता आलं.

मी : मध्यंतरी एक मालिका आली होती आमच्याकडे. कोकणातला वाडा, पन्नास वर्षं बंद, पावसात. दिग्दर्शक चित्र घेऊनच आला, मशीनकडून काढून घेतलेलं. देखणं होतं. भिंतीवर शेवाळ, दारात धुकं, सगळं. सगळे खूश. मग ते थ्रीडी मॉडेलिंगच्या मुलांकडे गेलं आणि त्यांचे हात थांबले. जिना चढून भिंतीत जात होता. दुसऱ्या बाजूनं चित्र काढून घेतलं तर खांब सहाचे आठ झाले. तिसऱ्या बाजूनं तर वाडाच वेगळा. मग मी पेन्सिल घेतली. आधी नकाशा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी. मग म्हटलं, कौलं कुठली फुटली असतील? नारळाचं झाड ज्या बाजूला आहे तिथली. पाणी तिथून पडणार, म्हणजे खालचं तुळवट तिथं कुजलेलं, म्हणजे माळ्याची फळी त्या टोकाला खचलेली. नायिका त्या फळीवर पाय ठेवते आणि ती मोडते, असा प्रसंग होता. आता तो प्रसंग त्या घरातूनच आला. उजेड फुटक्या कौलांतून येणार, म्हणजे छायाचित्रकाराला दिवा कुठं लावायचा तेही ठरलं. माझं शेवटचं चित्र मशीनच्या चित्राइतकं गुळगुळीत नव्हतं. पण ते एकच घर होतं. कुणीही काहीही विचारलं तरी मला उत्तर देता येत होतं.

दाजी : मग त्याचा पगार.

मी : बहुतेक त्याचाच.

दाजी : हे बाबूराव पेंटर करायचे की.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचं नाव निघाल्याशिवाय चित्राचं कुठलंच बोलणं संपत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांचं आडनाव मेस्त्री. पेंटर हे नाव धंद्यानं दिलं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. चित्रीकरणाआधी ते वेशभूषा, पात्रं, त्यांच्या हालचाली कागदावर रेखाटून घेत. कॉन्सेप्ट आर्ट हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता, पण काम हेच होतं. त्यांच्या तालमीतली माणसं पुढं प्रभात फिल्म कंपनीत गेली आणि त्याच प्रभातनं १९३४ साली 'जंबूकाका' नावाचं कार्टून काढलं. आणखी मागं जायचं तर कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी एकामागून एक चित्र पुढं धरून रामायण सांगत आले आहेत. आमच्या स्टोरीबोर्डचं आजोळ तिथं आहे असं मी मानतो. भाचीचा हट्ट परदेशी व्हिडिओ बघून लागलेला असेल, पण तिची वाट आपल्याच परड्यातून निघते, हे मला त्या दुकानात बसून पहिल्यांदा नीट जाणवलं.

दाजी : ब्रश धरणाऱ्या माणसानं कॅमेरा बनवला. मी कोरलला घाबरलो. पोरगीनं बाबूरावांचं करावं, माझं नको, एवढंच माझं म्हणणं. आता हे वाचा.

त्यांनी माहितीपत्रक माझ्याकडे सरकवलं. आत एका हॉलिवूड सिनेमाचं चित्र, खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट', तीन वर्षांची फी चार लाख ऐंशी हजार. दाजींनी फीच्या आकड्याखाली पेन्सिलनं एक रेघ ओढली होती. ती रेघसुद्धा पट्टी न लावता सरळ होती.

मी : हे नको. याबद्दल मी भांडेन तुमच्याशी. मी नोकरीसाठी येणाऱ्या मुलांच्या फायली बघतो. अशा ठिकाणची दहा मुलं आली तर दहाही फायलींत तोच ड्रॅगन, तीच चिलखत घातलेली बाई, तोच जळणारा किल्ला. सॉफ्टवेअरची बटणं त्यांना पाठ असतात. शेजारच्या माणसाचा गुडघा कसा वाकतो ते माहीत नसतं. प्लेसमेंट म्हणजे काय, तेही विचारा. बहुतेक वेळा ते रोटोच्या खुर्चीवरचे सहा महिने असतात.

दाजी : मग कुठं?

मी : जे.जे. आहे. सरकारी आहे, प्रवेश परीक्षा देऊन बीएफएला जाता येतं. आयआयटी मुंबईचं आयडीसी आहे, त्याला यूसीड द्यावी लागते. अहमदाबादचं एनआयडी आहे. बारावी सायन्सचा कशालाच अडसर नाही. गीतांजली राव जे.जे.च्याच. अ‍ॅनिमेशन त्या स्वतःचं स्वतः शिकल्या. 'प्रिंटेड रेनबो' त्यांनी हातानं रंगवली आणि २००६ मध्ये कान महोत्सवात तिचा गौरव झाला. 'बॉम्बे रोज' तर फ्रेम न् फ्रेम रंगवलेला अख्खा सिनेमा. आणि पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात आता केंद्र सरकारची नवी संस्था सुरू झालीय याच विषयांची. फिल्म्स डिव्हिजननं १९५६ मध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांना बोलावून आपल्या मुलांना अ‍ॅनिमेशन शिकवलं होतं. राम मोहन त्यातलेच. नव्या संस्थेतून काय उभं राहतं ते बघू, पण निदान पाटी नव्यानं कोरी केलीय कुणीतरी.

दाजी : आणि ह्या परीक्षेत न्हाई झालं तर?

मी : तर घरी बसूनही शिकता येतं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅटव्हियाच्या एका पोरगेल्या दिग्दर्शकानं त्याच्यावर 'फ्लो' केला, एका मांजराची गोष्ट. यंदा ऑस्कर मिळालं त्याला. पण दाजी, मी अजूनही हो म्हटलेलं नाही. एखाद्याला ऑस्कर मिळतं, हजारांना मिळत नाही. तिनं सायन्स घेतलंय, इंजिनिअर होईल, चित्रं रात्री काढेल.

दाजी : रात्री काढलेल्या चित्राचं काय हुतं ते मला म्हाईत हाय. नजर झोपती. पाव्हणं, तुमी वही उघडलीच न्हाई.

खरं होतं. मी तासभर त्या वहीवर कोपर टेकून बोलत होतो.

वही उघडली. पहिली काही पानं मला अपेक्षित होती तशीच, जपानी डोळ्यांच्या मुली आणि पंख असलेला घोडा. मग एक पान कोरं. त्यानंतर पुराची पानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. चिखलीला दाजींचं मूळ घर आहे, त्यांची आई तिथं राहते. भाची तेव्हा सहावीत होती आणि सुट्टीला तिथंच अडकली होती. त्या अनुभवावरून तिनं एक गाव रचलं होतं, दर पावसाळ्यात पाण्यात जाणारं आणि त्याची सवय झालेलं. घरांच्या भिंतींवर वेगवेगळ्या सालांच्या पाण्याच्या खुणा, सर्वांत वरची ओली. पत्र्याखाली टांगलेली धान्याची पोती. वरच्या मजल्याच्या गजांना बांधलेली काहील, होडी म्हणून. पोरं बसायची उंची, म्हातारीची काठी कुठं अडकवायची, चूल वर नेली तर धूर कुठून जाणार, सगळ्याला बाण काढून टिपणं लिहिलेली. आणि गोठ्यातून थेट माळवदावर जाणारा जिना. त्याला पायऱ्या कमी उंचीच्या, खोल, आणि दोन्ही बाजूंना बांबू. खाली लिहिलं होतं : म्हशीसाठी.

हात कच्चा होता. पर्स्पेक्टिव्ह दोन ठिकाणी चुकलं होतं, माणसांचे तळवे तर तिनं सरळ पाण्यात लपवले होते. पण त्या गावाला कुठूनही प्रश्न विचारला तरी ते उत्तर देत होतं. मी अठरा वर्षं ज्या फायलीची वाट बघतो ती साधारण अशी असते, आणि ती माझ्याच बहिणीच्या घरात होती.

शटरखालून वाकून भाची आत आली. बाहेर ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

भाची : मामा, पर्स्पेक्टिव्ह चुकलंय ना?

मी : चुकलंय. ते सहा महिन्यांत शिकशील. मला दुसरं सांग. म्हैस वर गेली. मग उतरणार कशी?

तिनं चित्राकडे पाहिलं. म्हशीला वर नेऊनच ती वही मिटून मोकळी झाली होती. तिचा चेहरा उतरला, पण अर्ध्या मिनिटापुरताच. तिनं खिशातून फोन काढला.

दाजी : आगं, अकरा वाजल्यात.

भाची : आज्जी जागी असती. कीर्तन लावून बसती.

आज्जी जागी होती. भाचीनं फोन स्पीकरवर ठेवून बाकड्यावर ठेवला आणि विचारलं. पलीकडे आधी कीर्तनाचा आवाज बारीक झाला.

आज्जी : म्हस चढती गं, उतरत न्हाई. पाय कुठं टाकायचा ते दिसत न्हाई तिला, भिती. पाणी गेलं तरी चार दिस वरच हुती ती. वैरण दोरीनं वर वढायची. मग तुज्या चुलत्यानं पायऱ्यांवर माती आणि भुसा थापून उतार केला. डोळ्यावर पोतं टाकलं. तरी हालंना. मग रेडकू म्होरं धरलं, आणि त्येच्या वासानं खाली आली बघ. का गं? एवढ्या रातचं म्हशीचं काय काढलंस?

दाजींनी चपटा ब्रश पुन्हा डब्यात ठेवला आणि माहितीपत्रक घडी घालून त्याच डब्यामागं सारलं. मला काही म्हणाले नाहीत. भाचीनं नवं पान काढलं. जिना ती दुसऱ्या बाजूनं काढणार होती, माती थापलेला, उताराचा. पण सुरुवात तिनं रेडकापासून केली.